एकटीपुरता देवदूत

मंडळी, आज एक कबुली देऊन टाकते. गेली पंधराहून अधिक वर्षं मी पंख असलेल्या पुरुषांच्या प्रेमकथा वाचते आहे, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एकाही मैत्रिणीला याचा पत्ता नाही. मंडळाच्या वाचनगटात मी गौरी देशपांडे आणि भैरप्पा यांच्यावर बोलते. घरी आल्यावर मात्र हातात जे पुस्तक येतं, त्याच्या मुखपृष्ठावर एक उघडी पाठ, त्या पाठीवर भलेमोठे पंख आणि मागे मॅनहॅटनचे दिवे असतात. किंडल आल्यापासून मुखपृष्ठ लपवायची कटकट गेली, हे एक बरं झालं.

लपवायची सवय तशी जुनीच. आमच्या लहानपणी काकोडकरांच्या कादंबऱ्या वाण्याच्या दुकानातल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरात यायच्या. त्यांची 'शामा' ही कथा १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. न्यायालयाने सोडलं, पण आमच्या आत्याने नाही सोडलं. प्रेमकथा वाचणारी मुलगी म्हणजे वाया गेलेली, हा निकाल आमच्या घरात कायम राहिला. तेव्हा तुम्ही हसणार असाल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. मला या पुस्तकांबद्दल एक प्रश्न पडला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सुरुवात झाली ती रात्रपाळीत. न्यू जर्सीतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने तपासायचं काम करायची. पहाटे तीनच्या सुमारास यंत्रं आपापली घरघरत असतात आणि माणसाला वाचण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. माझ्या एका फिलिपिनो सहकारिणीने एक पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाली, यात दानवांचं हॉस्पिटल आहे, तुला आवडेल. ती लॅरिसा आयोनची 'डेमोनिका' मालिका, २००८ साली सुरू झालेली. डॉक्टर स्वतः दानव. आणि पहिल्याच पुस्तकात त्यांच्याकडे जखमी होऊन येते ती कोण, तर दानवांना मारणं हेच जिचं काम आहे अशी एक बाई. तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये स्वर्गातून पडलेला एक देवदूतही आहे. मला गंमत वाटली. आमच्या इस्पितळातही कोण कुठून पडून तिथे पोचलं होतं, याचा हिशेब लागत नव्हता.

त्यानंतर हाती आली ती खरी मालिका, म्हणजे जिने मला धरून ठेवलं ती. नलिनी सिंग यांची 'गिल्ड हंटर'. पहिलं पुस्तक 'एंजेल्स ब्लड' २००९ सालचं. या बाईंचा जन्म फिजीतला, भारतीय वंशाच्या घरातला. वाढल्या न्यूझीलंडमध्ये. वकिली केली, ग्रंथालयात काम केलं, गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यातही राबल्या, जपानमध्ये इंग्रजी शिकवलं. म्हणजे आपल्यासारख्याच, दोनदा उपटून लावलेल्या रोपाच्या.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जग आपलंच, न्यूयॉर्कही आपलंच, फक्त त्यावर राज्य आहे देवदूतांचं. हे देवदूत देवाचे निरोपे वगैरे नाहीत. देव या पुस्तकांत फारसा येतच नाही. पंख असलेली, हजारो वर्षं जगणारी ती एक जात आहे, आणि त्यांच्यातल्या दहा महादूतांनी पृथ्वी आपसात वाटून घेतली आहे. देवदूतांच्या अंगात एक विष साठत जातं. ते वेळच्या वेळी माणसात उतरवलं नाही तर देवदूत पिसाळतो. ज्या माणसात ते उतरवलं तो व्हॅम्पायर होतो, आणि मिळालेल्या दीर्घायुष्याच्या बदल्यात त्याने शंभर वर्षं चाकरी करायची असा करार. आपल्यापैकी ज्यांनी ग्रीन कार्डची रांग पाहिली आहे त्यांना हा करार फारसा परका वाटणार नाही. फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेलेल्या हिंदी मजुरांच्या कराराला 'गिरमिट' म्हणत, 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश. लेखिकेने ते मनात धरून लिहिलं असं मी म्हणत नाही. मला वाचताना आठवलं, एवढंच.

करार मोडून पळालेल्या व्हॅम्पायरांना शोधून आणायचं काम करतात ते गिल्डचे शिकारी. एलेना ही त्यांच्यातली एक, साधी मर्त्य बाई. तिला न्यूयॉर्कचा महादूत राफाएल कामावर घेतो, आणि शोधायचा असतो एक पिसाळलेला महादूत. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. राफाएलचा मनोरा मॅनहॅटनमध्ये आहे आणि देवदूतांची वस्ती हडसनपलीकडच्या कड्यांवर. माझ्या हिशेबाने ती आमच्या न्यू जर्सीतच यायला हवी. तिथला प्रॉपर्टी टॅक्स देवदूतांनाच परवडत असणार.

आता मुद्द्याकडे येते. लोक म्हणतात, हे सगळं वास्तवापासून पळणं आहे. असेल. पण पळायचंच तर माणूस कुठेही पळू शकतो, क्रिकेट आहे, शेअरबाजार आहे. याच जागी का पळावं, आणि तेही पंधरा वर्षं?

एक कारण मला बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने सुचवलं. त्यांचा १९७३ साली पुस्तकात आलेला एक निबंध आहे, चेक नाटककार कारेल चापेक यांच्या एका नाटकावर बेतलेला. नाटकातली गायिका औषध पिऊन तीनशेहून अधिक वर्षं जगली आहे, आणि आता तिला कशातच राम वाटत नाही. गाणं काय, गप्प बसणं काय, तिला सगळं सारखंच. विल्यम्स यांचं म्हणणं असं की हा तिचा स्वभावदोष नाही. माणसासारखं मन घेऊन अनंतकाळ जगलं तर कंटाळा यायचाच, कारण ज्या इच्छांपायी आपण जगतो त्याच कधीतरी झिजून जातात. सिंग यांच्या जगातल्या देवदूतांना हे नीट ठाऊक आहे. फार म्हातारे झालेले देवदूत जमिनीत किंवा समुद्रतळाशी जाऊन झोपतात, शतकानुशतकं. मरत नाहीत, नुसते थांबतात. जे झोपत नाहीत, त्यांच्यातले बरेच क्रूर होतात. कारण कंटाळलेल्या सत्तेला करमणूक लागते.

अशात एक मर्त्य बाई येते आणि राफाएलला हसू येतं. चीनची महादूत लीजुआन, सगळ्यांत भयंकर, ती त्याला सावध करते. तिच्याही आयुष्यात कधीकाळी असा एक मर्त्य माणूस आला होता, जो तिला थोडं माणूस करू पाहत होता. तिने त्याला मारून टाकलं. तूही तेच कर, नाहीतर तुझं बळ जाईल, असा तिचा सल्ला. आणि गंमत म्हणजे तो सल्ला खोटा नाही. एलेनाच्या सहवासात राफाएलच्या जखमा खरोखर हळू भरू लागतात. तो थोडा मर्त्य होत जातो. सगळ्या मालिकेचा गाभा मला इथे वाटतो. ज्याला कशाची गरज नाही त्याने कुणाची तरी गरज लावून घ्यायची, आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगावर मोजायची.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन नलाच्या शेजारी उभे राहिले. पाचही जण हुबेहूब. तिने खरा नल ओळखला तो त्याच्यातल्या उणिवांवरून. त्याला घाम येत होता, पापण्या लवत होत्या, गळ्यातली माळ कोमेजली होती, अंगावर धूळ होती, पाय जमिनीला टेकले होते आणि त्याची सावली पडत होती. देवांचं यातलं काहीच नव्हतं. तिने माळ घातली ती सावली पडणाऱ्याच्या गळ्यात. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची, तेव्हा मला दमयंती जरा खुळीच वाटायची. इंद्र समोर उभा असताना घामट माणूस कशाला?

खरं सांगायचं तर 'गिल्ड हंटर' इथे थोडी लबाडी करते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी एलेना मरणार अशी वेळ येते, आणि राफाएलच्या प्रेमातून अमृत उपजतं. ती वर्षभर बेशुद्ध राहून जागी होते तेव्हा तिला पंख फुटलेले असतात. म्हणजे दमयंतीसारखं निवडायची वेळ तिच्यावर येतच नाही. घामही नको आणि मरणही नको. प्रेमकथा वाचणारीला लेखिकेने एवढी सवलत द्यायला हवी, हे मला मान्य आहे. मी ती पंधरा वर्षं आनंदाने घेतली आहे.

पण माझा प्रश्न याहून वेगळा आहे. तो पहिल्या पुस्तकातल्या दोन प्रसंगांतून आला.

पहिला प्रसंग मनोऱ्याच्या गच्चीवर, दोघांच्या पहिल्याच भेटीत. एलेनाचा उद्धटपणा राफाएलला खपत नाही. तो नुसत्या मनाच्या जोरावर तिची मूठ सुरीच्या पात्यावर आवळायला लावतो. रक्त ठिबकतं. आमचा नायक हा असा. पुढे एलेना अट घालते की माझ्या मनात शिरायचं नाही, आणि तो हळूहळू ती पाळायला शिकतो. हे शिकणं हीच त्यांची प्रेमकथा. ठीक आहे.

दुसरा प्रसंग घडताना दिसतसुद्धा नाही, नुसता आठवला जातो. राफाएलशी दगा केलेल्या एका व्हॅम्पायरची हाडं मोडून त्याला टाईम्स स्क्वेअरमध्ये टाकून दिलेलं असतं, सगळ्यांनी पाहावं म्हणून. मरू न देता. शहर त्यावरून जे शिकायचं ते शिकतं. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर शहारा आला, आणि तो सगळा भीतीचा नव्हता, हे इथे कबूल करायला हवं. इतका भयंकर माणूस, आणि एका बाईपुढे त्याचा आवाज खाली येतो! या पुस्तकांची सगळी गोडी त्या फरकात आहे. तो सगळ्यांशीच सौम्य असता तर पाचव्या पानावर आपण पुस्तक मिटलं असतं. आपल्याला देवदूत नको असतो. आपल्याला असा राक्षस हवा असतो जो आपल्यापुरता देवदूत होईल.

आणि इथे मला बाबा आठवतात.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होते. त्यांची सायकल वळणावर दिसली की चौकातली पोरं पांगायची. शाळेत छडी चालायची आणि घरातही चालायची. दादाच्या पाठीवर वळ असायचे. गणितात चुकला म्हणून, उशिरा आला म्हणून, कधीकधी नुसतं वर पाहिलं म्हणून. आई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली मला आठवत नाही. आणि तेच बाबा संध्याकाळी मला मांडीवर घेऊन संत्र्याच्या फोडींचं पांढरं सालपट, बिया, सगळं काढून एकेक फोड भरवायचे. तालुक्याहून येताना 'चांदोबा' आणायचे. मला त्यांनी कधी साधं दटावलंही नाही. घरात कुणाला बाबांकडे काही मागायचं असेल तर मला पुढे करायचे, आणि मला त्याचा किती अभिमान होता! आपल्याला वाटतं तेवढं मूल निष्पाप नसतं. मला पक्कं कळत होतं की त्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा माझी आहे, आणि ती इतर कुणाची नाही म्हणूनच तिला इतकी चव आहे.

बाबा गेले तेव्हा तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्याला लोक जमले. मी म्हटलं, बाबा किती प्रेमळ होते. दादा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "ते तुझे बाबा होते गं. आमचे दुसरे होते." रागाने नाही म्हणाला. पत्ता सांगावा तसं म्हणाला.

विमानात परत येताना मी मालिकेतलं पुढचं पुस्तक उघडलं, आणि पहिल्यांदाच माझं लक्ष राफाएलवरून उडालं.

प्रश्न असा. एकाच माणसाशी चांगलं वागणं, याला चांगुलपणा म्हणायचं का? आयरिस मर्डॉक या लेखिका तत्त्वज्ञही होत्या. त्यांच्या मते आपल्याखेरीज आणखी काहीतरी खरंखुरं आहे हे अवघडपणे उमगणं म्हणजे प्रेम. हे मला पटतं. राफाएलला एलेना खरी वाटू लागते, हजार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं वाटतं. बाबांना मी खरी वाटत होते. पण मग तिथून पुढची पायरी आपोआप येते का? एक माणूस खरा वाटला म्हणून दुसराही खरा वाटू लागतो का? की उलटच होतं, सगळा ओलावा एका कुंडीत ओतून झाला म्हणून बाकीची बाग वाळू द्यायला माणूस मोकळा होतो? बाबांच्या बाबतीत मला उत्तर माहीत आहे. माझ्यावरचं त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण ते दादापर्यंत कधी पोचलं नाही. कदाचित माझ्यावर माया करून त्यांना आपण चांगले आहोत याची रोज पावती मिळत असेल. पावती फाडणारी मी होते.

तुम्ही म्हणाल, मग ही पुस्तकं टाकून दे. मीही तसा विचार केला होता. पण लांबलेल्या मालिकेचा एक गुण असतो, तो एकट्या कादंबरीत नसतो. एकट्या कादंबरीत दोघांचं जमलं की दार बंद होतं. मालिकेला पुढचं पुस्तक लागतं, आणि त्यासाठी लेखिकेला बाजूला उभ्या असलेल्यांकडे वळावं लागतं. इलियमचं उदाहरण घ्या. निळ्या पंखांचा, सगळ्यांचा लाडका देवदूत. त्याने कधीकाळी एका मर्त्य मुलीवर प्रेम केलं, देवदूतांची गुपितं तिला सांगितली, आणि त्याची शिक्षा दिली ती राफाएलनेच. जे राफाएलला स्वतःसाठी पुढे मिळालं, तेच त्याने इलियमच्या हातून काढून घेतलं होतं. लेखिका हे विसरत नाही, आणि आपल्यालाही विसरू देत नाही.

किंवा नेहाचं घ्या. हो, हिंदुस्तानच्या महादूताचं नाव नेहा आहे, आणि ती साप आणि विषाची राणी आहे. माझ्या भाचीचंही नाव नेहा. ती गोगलगाईलाही घाबरते. तर या महादूत नेहाची मुलगी अनुष्का दुसऱ्या पुस्तकात खलनायिका असते. तिचे अपराध घोर आहेत, आणि राफाएल तिला देहदंड देतो. वाचताना आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग २०१२ साली 'आर्केंजेल्स स्टॉर्म' येतं. कथा राजस्थानातल्या किल्ल्यात जाते, आणि तिथे नेहा भेटते. क्रूर तर ती आहेच. दगाबाज नवऱ्याला तिने शतकानुशतकं महालात कोंडून ठेवलं आहे, आणि त्याला तिच्याच जुळ्या बहिणीपासून झालेली मुलगी महिया, तिला अपमानाची खूण म्हणून पदरी वाढवलं आहे. पण त्याच वेळी ती लेक गमावलेली आईही आहे. ज्या मरणावर आपण सुस्कारा टाकला होता त्याचं सुतक तीन पुस्तकांनंतर आपल्यापुढे येऊन बसतं. मी पुस्तक मिटून खिडकीशी बराच वेळ उभी राहिले, पाचव्या पुस्तकात, पहाटे चार वाजता, यंत्रांच्या घरघरीत.

म्हणून मी वाचत राहिले. नायक बदलतो का, हे बघण्यासाठी म्हणाल तर तो बदलतो, थोडासा, एलेनाच्या टोकण्यामुळे, आणि परत कधी जुन्यासारखा वागतो. शेकडो वर्षांची सवय एवढ्यात जात नाही, आणि लेखिका ती गेली असं दाखवत नाही, हे मला प्रामाणिक वाटतं. पण माझी जागा बदलली. पूर्वी मी एलेनाच्या जागी बसून वाचायची. आता माझं बसणं हलतं राहतं.

गेल्या उन्हाळ्यात दादा पहिल्यांदा इकडे आला. सत्तरीला टेकला आहे. जेट लॅगमुळे पहाटे उठून बसायचा, मीही उठायची, आणि आम्ही चहा घेत गॅलरीत बसायचो. एकदा त्याने कपाटातलं 'एंजेल्स ब्लड' काढलं. किंडलच्या आधीचं, खऱ्या कागदाचं. मुखपृष्ठ बघून हसला आणि म्हणाला, हे काय वाचतेस गं? मी लाजत लाजत सांगायला लागले. मनोरा, पंख, करार, सगळं. तो नीट ऐकत होता. इंग्रजी पुस्तकं तो वाचत नाही, पण गोष्ट त्याला लहानपणापासून आवडते. बाबांच्या धाकाने त्याने ते कधी कुणाला कळू दिलं नाही. सांगता सांगता मी टाईम्स स्क्वेअरपर्यंत आले.

"त्या माणसाचं पुढे काय झालं?" दादाने विचारलं.

"राफाएलचं? अरे, तेच तर..."

"तो नव्हे. ज्याची हाडं मोडली तो."

मला आठवेना. पंधरा वर्षांत मी हे पुस्तक चारदा तरी वाचलं असेल. दादा आतमध्ये दुसरा चहा टाकायला गेला. मी चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले.